राजीनामा लिहिण्यापूर्वी : दृष्टी गेल्यानंतरची नोकरी आणि नव्याने शिकणे

पंजाब राज्य वीज मंडळात सहायक लाइनमन म्हणून काम करणारे भगवान दास यांची दृष्टी जानेवारी १९९४ मध्ये पूर्णपणे गेली. खांबावर चढून विजेच्या तारा जोडण्याचे काम डोळ्यांवाचून होणार नाही, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. जुलै १९९६ मध्ये त्यांनी मंडळाला पत्र लिहिले. आपल्याला निवृत्त करावे आणि घर चालावे म्हणून पत्नीला एखादी नोकरी द्यावी, अशी त्यांची विनंती होती. मार्च १९९७ मध्ये त्यांना निवृत्त करण्यात आले.

हे पत्र लिहिले गेले त्याच्या पाच महिने आधी, ७ फेब्रुवारी १९९६ रोजी, देशात अपंग व्यक्तींसंबंधीचा १९९५ चा कायदा अमलात आला होता. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कामावरून काढू नये, त्याला पदावनत करू नये आणि जुने काम त्याच्याने होत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, असे त्याचे कलम ४७ सांगत होते. भगवान दास यांना याची कल्पना नव्हती. मंडळाच्या अधिकाऱ्यांना ती असायला हवी होती. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ४ जानेवारी २००८ रोजी त्या न्यायालयाने भगवान दास यांच्या बाजूने निकाल दिला. कायद्याने दिलेले संरक्षण ठाऊक नसताना, हताश अवस्थेत लिहिलेल्या पत्राला स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मानता येणार नाही आणि कर्मचाऱ्याला त्याचा हक्क समजावून सांगणे हे अधिकाऱ्यांचेच कर्तव्य होते, असा त्या निकालाचा आशय आहे. अंध माणसाला काम न करता पगार देत राहणे योग्य नाही, अशी काही अधिकाऱ्यांची धारणा होती. न्यायालयाने तिच्यावर कठोर शब्दांत ताशेरे ओढले.

प्रौढ वयात दृष्टी गमावलेल्या माणसाच्या नोकरीचा प्रश्न या एका प्रकरणात जवळपास सगळा आला आहे. उपचारांचा खर्च, घरच्यांची घालमेल, कार्यालयात वाटणारा संकोच या सगळ्यात पहिल्या काही महिन्यांतच निर्णय घेतला जातो आणि तो बहुधा राजीनाम्याचा असतो. काठी घेऊन चालायला माणूस अजून शिकलेला नसतो आणि संगणक आपल्याशी बोलू शकतो हेही त्याला माहीत नसते. आपण आता काय करू शकतो हे कळण्याआधीच आपण काही करू शकत नाही, असे तो लिहून देतो.

१९९५ च्या कायद्याची जागा आता दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने घेतली आहे. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जुन्या कलम ४७ मधील संरक्षण नव्या कायद्याच्या कलम २० च्या चौथ्या पोटकलमात कायम आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्यास कमी करता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. पूर्वीचे काम जमण्यासारखे नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर त्याची नेमणूक करावी लागते. तसे पद रिकामे नसेल, तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत त्याला अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून बढती नाकारता येत नाही, हेही याच कलमात आहे. शासकीय आस्थापना म्हणजे फक्त मंत्रालय किंवा तहसील कार्यालय नव्हे. कायद्याने स्थापन झालेली महामंडळे, सरकारी कंपन्या, महापालिका आणि जिल्हा परिषदा, तसेच सरकारच्या मालकीच्या, नियंत्रणाखालच्या किंवा अनुदानावर चालणाऱ्या संस्था, या सर्वांचा त्या व्याख्येत समावेश आहे. अपवादही आहेत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील लढाऊ पदांना केंद्र सरकारने २०२१ मध्ये अधिसूचना काढून सूट दिली आहे.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. नोकरीतील आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. सेवेत असताना आलेल्या दिव्यांगत्वाच्या संरक्षणासाठी मात्र कलम २० मध्ये तशी टक्केवारी लिहिलेली नाही. तरीही दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लवकर काढणे श्रेयस्कर, कारण पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच्या आधारे होतो. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करता येतो आणि वैद्यकीय तपासणीनंतर प्रमाणपत्रासोबत वैश्विक ओळखपत्र मिळते.

प्रमाणपत्राबाबत घोटाळा होतो तो अंधत्वाच्या व्याख्येमुळे. चांगल्या डोळ्याची, चष्मा लावूनही, दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल तर कायद्याच्या लेखी ती व्यक्ती अंध असते. पण दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल, तरीही ती अंधच ठरते. काचबिंदूमध्ये किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक विकारात नजर कडांकडून आकसत जाते. समोरच्या तक्त्यावरील अक्षरे नीट वाचता येतात, वर्तमानपत्रही वाचता येते, पण दाराची चौकट खांद्याला लागते आणि शेजारून येणारी दुचाकी दिसत नाही. सहकाऱ्यांना हे ढोंग वाटते. सकाळी फाइल वाचणारा माणूस संध्याकाळी जिन्यावर चाचपडतो, यावर त्यांचा विश्वास बसत नाही. अशा माणसाच्या तपासणीत दृष्टिक्षेत्राचे मापन झाले नाही, तर कागदावर त्याचे नुकसान होते. दोन्ही बाजूंचा गैरसमज टाळायचा तर ही चाचणी आग्रहाने करून घ्यायला हवी.

२०११ च्या जनगणनेत सुमारे ५० लाख ३२ हजार व्यक्तींनी दृष्टीचे दिव्यांगत्व नोंदवले होते. देशातील वयस्कांच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू आहे आणि तो शस्त्रक्रियेने दूर होतो. नोकरीच्या वयात कायमची दृष्टी हिरावून घेणारी कारणे निराळी आहेत. काचबिंदू, मधुमेहाने दृष्टिपटलावर होणारा परिणाम, आनुवंशिक विकार, अपघात आणि आम्लहल्ला ही त्यांतील प्रमुख. यांतील बऱ्याच विकारांत गेलेली दृष्टी परत येत नाही. नेमके हेच रुग्णाला स्पष्टपणे सांगितले जात नाही, किंवा सांगितले तरी ऐकले जात नाही. या शहरातून त्या शहरात, या पद्धतीतून त्या पद्धतीत उपचारांसाठी फिरण्यात दोन-तीन वर्षे आणि साठवलेला पैसा निघून जातो. उपचार सोडावेत असे कोणी म्हणणार नाही. पण उपचार चालू असतानाही प्रशिक्षण सुरू करता येते, आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेले असते.

हे प्रशिक्षण म्हणजे काय, हे समजण्यासाठी त्याच्या उगमाकडे जावे लागते. लंडनमधील ‘डेली एक्सप्रेस’ या वृत्तपत्राचे संस्थापक आर्थर पिअरसन यांची दृष्टी काचबिंदूने गेली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावून परतणाऱ्या सैनिकांसाठी त्यांनी १९१५ मध्ये सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. सैनिकांना दयेवर न ठेवता नव्या पद्धतीने जगायला आणि कमवायला शिकवावे, ही त्यांची भूमिका होती. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकही अंध होऊन परतू लागले, तेव्हा १९४३ मध्ये डेहराडूनला त्याच नावाने वसतिगृह सुरू झाले. त्याची धुरा न्यूझीलंडचे सर क्लुथा मॅकेन्झी यांनी सांभाळली. तेही १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गमावलेले सैनिकच होते. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, सरकारने ते केंद्र ताब्यात घेऊन प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र केले. त्यातूनच आजची दृष्टिबाधितांसाठीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. आपल्याकडे अंधांसाठी संस्था म्हटले की शाळा डोळ्यांसमोर येते. डेहराडूनचा प्रारंभ मात्र शाळेतून झालेला नाही. काल-परवापर्यंत डोळस असलेल्या कमावत्या माणसांसाठी ती जागा होती.

प्रशिक्षणात पहिली येते ती पांढरी काठी. आज वापरली जाणारी लांब काठीची पद्धत दुसऱ्या महायुद्धातील अंध सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हर यांनी अमेरिकेतील लष्करी रुग्णालयात विकसित केली. काठी साधारण छातीच्या उंचीइतकी असते. डावे पाऊल पुढे पडताना काठीचे टोक उजवीकडे टेकते आणि उजवे पाऊल पडताना डावीकडे. म्हणजे जेथे पुढचे पाऊल पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. कागदावर सोपी वाटणारी ही लय अंगवळणी पडायला आठवडे लागतात. सुरुवातीची चाल मोकळ्या आवारात, मग गल्लीत, मग बसथांब्यापर्यंत आणि शेवटी गर्दीच्या चौकात अशी वाढवत नेतात. आपल्या पदपथांवरील दुचाक्या, उघडी गटारे आणि कंबरेच्या उंचीवर लटकणाऱ्या तारा कोणत्याही परदेशी पुस्तकात नाहीत. त्यांचे धडे येथेच गिरवावे लागतात. ज्यांची थोडी दृष्टी उरली आहे, ते काठी घ्यायला सर्वांत जास्त कचरतात. काठी हातात आली की आपण अंध असल्याचे जाहीर होईल, ही भीती त्यामागे असते. खरे तर काठी दिसली की समोरचा माणूस वाट देतो. एरवी तोच माणूस डोळे नाहीत का, असे विचारून मोकळा होतो.

याच काळात घरातल्या गोष्टी नव्याने शिकायच्या असतात. चहा ओतताना कप किती भरला हे आवाजावरून आणि वजनावरून ओळखणे, कपड्यांना रंगानुसार खुणा करणे, औषधांच्या खोक्यांवर ब्रेलची चिठ्ठी लावणे, नोटा किमतीनुसार वेगवेगळ्या घड्या घालून ठेवणे. नोट ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये ‘मनी’ हे मोबाइल ॲप उपलब्ध करून दिले आहे. वाट दाखवणाऱ्याने हात ओढायचा नसतो, अंध व्यक्तीने त्याचे कोपर धरायचे असते, ही साधी गोष्ट घरच्यांनाही शिकावी लागते. ब्रेल प्रौढांना सावकाश येते. मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झाली असेल तर ते आणखी जड जाते. अशांनी ब्रेलचा हट्ट धरू नये. श्राव्य साधने पुरेशी आहेत. ज्यांना जमते त्यांना मात्र भाषणाचे मुद्दे, दूरध्वनी क्रमांक आणि फाइलींची नावे यांसाठी ब्रेल अतिशय उपयोगी ठरते.

कार्यालयातील टेबलावर परतण्याचा रस्ता स्क्रीन रीडर या प्रणालीतून जातो. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी ही संगणक प्रणाली. तिच्या घडणीचा इतिहास या विषयाशी थेट जोडलेला आहे. टेड हेंटर हे अमेरिकेतील अभियंता आणि मोटारसायकल शर्यतपटू होते. १९७८ मध्ये मोटार अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर ते संगणकशास्त्र शिकले आणि १९८७ मध्ये बिल जॉइस यांच्यासमवेत त्यांनी कंपनी काढली. तिने तयार केलेली ‘जॉज’ ही प्रणाली जगभर पोहोचली. या नावाची इंग्रजी आद्याक्षरे उलगडली तर ‘वाणीच्या साह्याने नोकरीपर्यंत पोहोच’ असा अर्थ निघतो. जॉजची किंमत अनेकांना परवडत नव्हती. म्हणून मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ या मोफत प्रणालीचे काम सुरू केले. ती मराठीही वाचते. स्क्रीन रीडरवर काम करताना माउस बाजूला ठेवावा लागतो; सगळी हालचाल कळफलकावरून होते. पहिले काही दिवस कानात नुसता गोंगाट वाटतो. सरावाने मात्र माणूस इतक्या वेगाने ऐकू लागतो की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे एक निराळी अडचण आहे आणि तिची चर्चा होत नाही. अनेक कार्यालयांत आजही युनिकोडपूर्व काळातील जुन्या फॉन्टमध्ये टंकलेखन चालते. पडद्यावर ते मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ असते. स्क्रीन रीडर ती तशीच वाचतो. कागद स्कॅन करून पीडीएफ पाठवला तर तो चित्र असतो. त्यात वाचण्यासारखे काहीच नसते. प्रतिमेतून मजकूर ओळखणारी साधने आता बरी झाली आहेत, तरी शिक्के, शेरे आणि हस्ताक्षरे यांपुढे ती हात टेकतात. म्हणजे परिपत्रक युनिकोडमध्ये काढणे आणि मूळ फाइल पाठवणे, एवढ्या बिनखर्चाच्या गोष्टीवर एका कर्मचाऱ्याची उपयुक्तता अवलंबून असते. कायदा ज्याला वाजवी सोयीसुविधा म्हणतो, त्याचे याहून सोपे उदाहरण सापडणार नाही. सोय करून देणे ही कृपा नाही. प्रमाणाबाहेर बोजा पडत नसेल तेथपर्यंत ती समानतेच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये सविस्तर सांगितले आहे.

मग जुनेच काम करावे की नवे शोधावे? याचे एकच उत्तर नाही, पण माणसे नवे काम शोधायला फार लवकर निघतात, असे म्हणायला जागा आहे. पंचवीस वर्षे लेखा विभागात घालवलेल्या माणसाचे ज्ञान डोळ्यांत नसते. नियम, नोंदी, कोणती त्रुटी कोठे लपते याची जाण, माणसांची ओळख हे सर्व त्याच्यापाशी शिल्लक असते. हरवलेले असते ते कागदापर्यंत पोहोचण्याचे साधन, आणि त्याला पर्याय असतो. शिक्षकाला शिकवता येते. फळा आणि वह्या तपासणे यांची व्यवस्था करावी लागते. लाइनमन खांबावर चढू शकत नाही, हे खरे. पण तक्रार नोंदवणाऱ्या ग्राहकाला बिघाड कोठे असेल हे विचारून घेण्यात वीस वर्षे तारांवर घालवलेला माणूस नवख्यापेक्षा सरस ठरेल. दिव्यांगांसाठी योग्य अशा ३,५६६ पदांची यादी केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केली. ती भरतीसाठी असली तरी पर्यायी पद सुचवताना अर्जदाराला तिचा आधार घेता येतो. बदली पद कोणते हवे हे अर्जात स्वतःच सुचवलेले चांगले. ते ठरवण्याचे काम आस्थापनेवर सोडले तर दूरध्वनी यंत्राजवळची रिकामी खुर्ची तेवढी वाट्याला येते.

काय करता येईल आणि काय नाही, याबद्दलच्या समजुती न्यायसंस्थेतही बदलत आहेत. मध्य प्रदेशातील न्यायिक सेवेच्या नियमाने दृष्टिबाधितांना भरतीतून वगळले होते. एका दृष्टिबाधित उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्याची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२५ रोजी तो नियम रद्द केला. भूदलातील लेफ्टनंट कर्नल द्वारकेश यांची दृष्टी २०१४ मधील अपघातात गेली. त्यानंतरही ते सेवेत राहिले आणि नेमबाजीत उतरले. पुण्याचे दिव्यांशू गणात्रा यांना एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूने अंधत्व आले. पुढे ते मानसशास्त्रज्ञ झाले. महाबळेश्वरचे भावेश भाटिया यांनी तरुणपणी दृष्टी गेल्यावर मुंबईच्या राष्ट्रीय अंधजन संघटनेत, म्हणजे ‘नॅब’मध्ये, मेणबत्त्या करायला शिकून हातगाडीवर विक्री सुरू केली आणि त्याचा मोठा उद्योग उभारला. अशी नावे सांगताना थोडे सावध राहिलेले बरे. असामान्य माणसांच्या कथा ऐकवून सामान्य लिपिकाला लाजवण्यात काही हशील नाही. त्याला पर्वत चढायचा नसतो. त्याला सोमवारी दहा वाजता कार्यालयात पोहोचायचे असते.

खासगी क्षेत्रात चित्र बरेच फिके आहे. कलम २० मधील नोकरीचे संरक्षण शासकीय आस्थापनांपुरते आहे. खासगी आस्थापनेने समान संधी धोरण तयार करून प्रसिद्ध करावे, असे कलम २१ सांगते, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर दिव्यांगांना कोणत्या सोयी देणार याचा तपशील त्या धोरणात असावा लागतो. परंतु दृष्टी गेलेल्या कर्मचाऱ्याला त्याच वेतनावर ठेवण्याचे स्पष्ट बंधन तेथे नाही. ही या कायद्यातील मोठी उणीव आहे. देशातील बहुसंख्य नोकऱ्या जेथे आहेत, तेथेच तो थबकतो. अशा वेळी हाती राहते ते धोरणाची प्रत मागणे, सोयींसाठी लेखी अर्ज करणे आणि आपण काम करू शकतो हे प्रत्यक्ष दाखवणे. त्यासाठी आधी प्रशिक्षण व्हायला हवे. म्हणून मिळेल तेवढी रजा प्रशिक्षणात घालवावी. बेंगळुरूच्या एनेबल इंडियासारख्या संस्था मालकाला समजावण्यापासून संगणक सज्ज करून देण्यापर्यंत मदत करतात. त्या संस्थेच्या संस्थापिका शांती राघवन यांच्या भावाचीच दृष्टी जात होती, त्यातून १९९९ मध्ये ती उभी राहिली. मुंबईत झेवियर्स महाविद्यालयातील संसाधन केंद्र आणि नॅब, पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन, अहमदाबादमध्ये ब्लाइंड पीपल्स असोसिएशन, हैदराबादमध्ये एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचा पुनर्वसन विभाग ही मराठी कुटुंबांना जवळ पडतील अशी आणखी काही ठिकाणे.

पगार सुरू राहिला तरी तो हाताळण्याचा प्रश्न उरतो. अंध ग्राहकाला धनादेश पुस्तिका, एटीएम कार्ड, लॉकर नाकारू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना कळवले आहे. अंध माणसाचे खाते संयुक्तच हवे, असे शाखेत सांगितले गेले तर हे परिपत्रक पुढे करावे. अलीकडे ओळख पटवण्यासाठी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची अट आली आणि आम्लहल्ल्यात डोळे गमावलेल्या स्त्रिया तेथेच अडल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रक्रिया दिव्यांगांसाठी सुगम करण्याचे निर्देश दिले आणि डिजिटल सेवांची उपलब्धता जगण्याच्या हक्काशी जोडली.

हक्क नाकारला गेला तर शासकीय आस्थापनेत प्रथम तेथील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाता येते. कलम २३ नुसार असा अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्यानंतर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी. महाराष्ट्रात त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. केंद्रीय आस्थापनांसाठी नवी दिल्लीत मुख्य आयुक्त आहेत. वैद्यकीय कारणावरून निवृत्ती घेण्याचा सल्ला तोंडी दिला जात असेल, तर तो लेखी मागावा. तोपर्यंत कोणत्याही छापील अर्जावर सही करू नये. घरच्यांनी आणून दिलेला अर्जही दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतल्यावाचून सही करू नये, कारण सहीच्या वेळी मजकूर दिसत नसतो, ही गोष्ट नंतर सिद्ध करायला वर्षे जातात.

भगवान दास यांना सेवेत परत घ्यावे, ते मधल्या काळात सेवेतच होते असे मानून वेतनवाढी आणि इतर लाभ द्यावेत, आधी दिलेली निवृत्तीची रक्कम वेतनात समायोजित करावी आणि देणे असलेली रक्कम सहा आठवड्यांत चुकती करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. निकालाच्या दिवशी त्यांची दृष्टी जाऊन चौदा वर्षे होत आली होती.